कोळ्याच्या पंगतीला आलेल्या काळ्या माश्या

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. गड्डा यात्रा संपल्यानंतरच्या रविवारी ते मोहोळजवळ मामांच्या शेतावर हुरडा खायला गेले होते. बांधाकडेच्या करडईच्या फुलावर एका पिवळ्या कोळ्याने फुलोरी मधमाशी धरलेली त्यांना दिसली. त्या मधमाशीच्या अंगावर पाच-सहा काळ्या, तिळाएवढ्या माश्या बसल्या होत्या. मोबाइलला चिमट्याचं भिंग लावून त्यांनी नऊ फोटो काढले. ॲपला दाखवल्यावर एकदा घरमाशी आली आणि एकदा युरोपातली कुठलीशी जात. त्यांचं म्हणणं असं: 'सर, जातीचं नाव नक्की सांगा. ही दुर्मीळ नोंद आहे का? आणि आमच्या शेडमध्ये लोंबत्या सुतावर संध्याकाळी ज्या बारीक माश्या ओळीने बसतात, त्या याच का?'

आधी थोडक्यात सांगतो. कुळात वंश येतात आणि वंशात जाती. कुळ मिलिकिइडी, याबद्दल मला शंका नाही. वंश बहुतेक डेस्मोमेटोपा. जात सांगणार नाही, कारण तुमच्या फोटोंत ती नाही. नोंद कमी सापडणारी आहे, पण माशी दुर्मीळ नाही. आणि सुतावरच्या माश्या या नव्हेत, त्या वेगळ्याच कुळातल्या. त्यांची गोष्ट पुढे सांगतो.

आता हे कशावरून ते सांगतो. नुसतं नाव ऐकून तुम्हाला पुढची माशी ओळखता येणार नाही.

फोटो हातात आला की मी माशीकडे शेवटी बघतो. पहिल्यांदा बघतो ती कुठे बसली आहे आणि काय करते आहे. दोन मिलिमीटरच्या काळ्या माश्यांची कुळं डझनावारी आहेत आणि मोबाइलच्या फोटोत सगळी सारखीच काळी दिसतात. पण दुसऱ्याने मारलेल्या शिकारीवर जेवायला जमणारी कुळं मोजकी आहेत, आणि कोळ्याच्या तोंडातल्या मधमाशीवर घोळक्याने बसणाऱ्या माश्या म्हटल्या की मिलिकिइडी हे नाव सगळ्यात आधी येतं. इंग्रजीत त्यांना कोल्हामाश्या म्हणतात. वाघाने मारावं आणि कोल्ह्याने खावं, तसला हा प्रकार. कोळी मधमाशीच्या मानेपाशी दात रोवतो, जखमेतून द्रव पाझरतो आणि या माश्या त्यावर ताव मारतात. कोळीही त्यांना हाकलत नाही. एवढ्याशा माशीसाठी हातातला घास कोण सोडणार?

अशा पंगतीला येतात त्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात. अंडी भरायला प्रथिनं लागतात, हे त्यामागचं कारण मानलं जातं. तुमच्या तिसऱ्या फोटोत मधमाशीच्या मानेशी जी माशी बसली आहे, तिचं पोट फुगून कडेने फिकट दिसतं आहे. ती पोटभर जेवलेली आहे. रंगातला तो फरक म्हणजे वेगळी जात नव्हे. ही चूक फार जण करतात.

इतक्या लवकर त्यांना मधमाशी मेल्याचा पत्ता कसा लागतो, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण यातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. पकडलेली, घायाळ मधमाशी धोक्याचा वास सोडते. तो खरा तिच्या बहिणींसाठी असतो, पण या माश्या त्यावर डल्ला मारायला शिकल्या आहेत. त्याहून पुढची गंमत एका वनस्पतीची. आपल्या सह्याद्रीत कंदीलपुष्पं आहेत ना, जी बघायला लोक पावसाळ्यात गड चढतात, त्यांच्याच वंशातली एक वेल दक्षिण आफ्रिकेत असते. तिचं फूल घायाळ मधमाशीसारखाच वास सोडतं, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. मेजवानीच्या आशेने डेस्मोमेटोपा माश्या येतात, फुलाच्या नळीत घसरून अडकतात आणि सुटताना परागकण घेऊन जातात. म्हणजे फुकट्यांनाही फसवणारा कुणीतरी आहेच. आपली कंदीलपुष्पंसुद्धा बारीक माश्यांनाच कोंडून परागण करून घेतात. कुठल्या कंदिलात कुठली माशी सापडते याचे नीट फोटो कुणी हौसेने काढले तर मी त्याच्या घरी जाऊन त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी देऊन येईन.

असो. वागण्यावरून कुळाचा अंदाज आला, तरी तो अंगावर पडताळावा लागतो. तुमच्या पाचव्या फोटोत एका माशीचं डोकं समोरून आलं आहे. तो थोडा हललेला आहे, पण नऊ फोटोंत सगळ्यात कामाचा तोच. दोन डोळ्यांच्या मधल्या कपाळावर मखमलीसारखा गडद काळा भाग दिसतो आणि त्यात राखाडी पट्टे. त्या काळ्या भागाचा आकार इंग्रजी एम अक्षरासारखा होतो. डेस्मोमेटोपा वंशाची ही खूण आहे. त्यातली जगभर पसरलेली एक जात आहे, तिचं नावच एम-नायग्रम, म्हणजे काळा एम; कीटकशास्त्रज्ञ झेटरस्टेट यांनी १८४८ साली तिचं वर्णन केलं. लगेच 'मग माझी तीच!' म्हणू नका. एम सगळ्या वंशालाच असतो. जाती वेगळ्या करायला सोंडेशेजारच्या पाल्पांचा, म्हणजे छोट्या स्पर्शकांचा, रंग, छातीच्या कुशीवरची राखाडी भुकटी आणि बऱ्याचदा नराच्या पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तुमच्याकडे तर नर नाहीच.

सातव्या फोटोत एकीची सोंड दिसते: लांब, बारीक आणि गुडघ्यासारखी दुमडलेली. तीही या वंशाशी जुळते. पंखाची पुढची कड मिलिकिइडीत दोन ठिकाणी खंडलेली असते. चौथ्या फोटोत मला तसं वाटतं, पण पैज लावून सांगणार नाही. पंखावर ऊन चमकलं आहे.

दुसरी कुठली कुळं असू शकली असती? कुबड्या पाठीची, पळताना अडखळत पळणारी माशी असती तर फोरिडी. डोक्याच्या वर चकचकीत मोठा त्रिकोण असता आणि पंखाची कड एकाच ठिकाणी खंडलेली असती तर क्लोरोपिडी. लाल डोळे आणि पिसासारखी मिशी असती तर केळ्यावर घोंगावणारी ड्रोसोफिला. आणि चार पंख असते तर ती माशीच नव्हे. हसू नका, मला येणाऱ्या फोटोंत दर वेळी दोन-चार तरी चिमुकल्या गांधीलमाश्यांचे असतात. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते, आणि मागच्या जोडीच्या जागी टाचणीसारखे दोन संतोलक, म्हणजे उडताना तोल सांभाळणारे अवयव. लांब, कोपरात वाकवल्यासारख्या मिशा दिसल्या की आधी पंख मोजायचे.

ॲपचं म्हणाल तर त्याचा दोष नाही. ज्या जातींचे भरपूर फोटो त्याला दाखवून शिकवलेत, त्यांतलीच एखादी ते सुचवणार. सोलापूरच्या करडईवरच्या दोन मिलिमीटरच्या माशीचे फोटो त्याने पाहिलेच नसतील तर ते युरोपातल्या माशीचंच नाव घेणार. त्याने 'माशी' एवढं म्हटलं तर मान्य करा. जातीचं नाव घेतलं तर ती जात भारतात कधी सापडली आहे का, हे आधी बघा. एक भाषेचाही घोळ आहे. मी कुळ, वंश, जाती या क्रमाने बोलतो. वर्तमानपत्रांत तिन्हींना 'प्रजाती' म्हणतात, आणि मग 'नवी प्रजाती सापडली' या मथळ्याखाली काय सापडलं तेच कळत नाही.

आता दुर्मीळपणाबद्दल. माश्या-डासांच्या, म्हणजे दोन पंखी कीटकांच्या, दीड लाखाहून जास्त जातींना जगात नावं आहेत. भारतात सहा हजारांहून जास्त. आपल्याकडे या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला ते ब्रुनेटी पेशाने संगीतकार होते, हे मला नेहमी आवडत आलं आहे. कलकत्त्यात राहून त्यांनी भारतातल्या माश्यांवर लिहिलेले ग्रंथ १९१२, १९२० आणि १९२३ साली निघाले. पण मिलिकिइडी, क्लोरोपिडी असली चिल्लीपिल्ली कुळं त्या तीन खंडांत आलीच नाहीत. पुढेही ज्या माश्या पिकाला, जनावराला किंवा माणसाला त्रास देतात त्यांच्यावरच काम झालं. ज्वारीची खोडमाशी, तुरीची शेंगमाशी, बोरातली फळमाशी, टोमॅटोच्या पानात नागमोडी वाट कोरणारी नागअळी यांच्यावर लिहिलेलं किती तरी मिळेल. कोळ्याच्या उष्ट्यावर जगणारीने कुणाचं घोडं मारलं नाही, म्हणून तिची नोंद नाही. मोहोळच्या शेतात तुम्ही ती पाहिलीत, ती अक्कलकोट, पंढरपूर, बार्शी कुठेही दिसेल. करडई किंवा सूर्यफूल फुललेलं हवं आणि त्यावर शिकार धरून बसलेला खेकड्यासारखा कोळी हवा. तेव्हा नोंद जरूर करा, पण 'दुर्मीळ' हा शब्द त्यातून काढा.

जातीचं नाव न सांगण्याचा माझा हट्ट तुम्हाला कंजूषपणा वाटेल. त्याला एक कारण आहे, आणि त्यात चूक माझी आहे. वीसेक वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडच्या एका शेतकऱ्याने फोटो पाठवला. करडी छाती, पिवळसर पोट, त्यावर काळे ठिपके. मी एका नजरेत सांगून टाकलं, 'ज्वारीची खोडमाशी, अथेरिगोना सोकाटा.' ज्वारीचा मुलूख, त्यामुळे डोक्यात तेच होतं. त्याने दुसऱ्या दिवशी फवारणी केली. पुढच्या आठवड्यात मी सहज विचारलं, पीक केवढं झालंय? तर म्हणाला, हुरड्यात आलंय. तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. खोडमाशी कोवळ्या रोपाला लागते. उगवणीनंतर पहिल्या महिन्याभरात पोंगेमर होते, म्हणजे रोपाचा मधला कोवळा पोंगा वाळतो; कणसात दाणा भरल्यावर कुठली खोडमाशी? मग विचारलं, माशी बसली कुठे होती? तर टाकून दिलेल्या सडक्या टोमॅटोच्या ढिगावर. ती बहुतेक त्याच वंशातली अथेरिगोना ओरिएंटॅलिस असणार. ती अशा सडक्या फळांवरच वाढते. 'बहुतेक' म्हणतो, कारण या वंशात जात ठरते ती नराच्या पोटाच्या टोकाला असलेल्या तीन पाकळ्यांसारख्या बारीक रचनेवरून, आणि फोटोतली मादी होती की नर, हेही मी पाहिलं नव्हतं. औषधाचे पैसे त्याचे गेले आणि ज्ञान माझं वाढलं. 'कुठे बसली होती?' हा एक प्रश्न आधी विचारला असता तर त्याचे पैसे वाचले असते.

म्हणून फोटोसोबत तारीख, गाव आणि वेळ तर हवीच, पण माशी कशावर होती, आसपास काय होतं, हे दोन ओळींत लिहा. 'करडईचं फूल, कोळ्याने धरलेली फुलोरी, सकाळी नऊ' हे तुम्ही लिहिलं होतंत म्हणूनच मी कुळापर्यंत खात्रीने पोहोचलो.

फोटो काढण्याबद्दल थोडं. तुमचे बहुतेक फोटो वरून काढलेले आहेत. वरून माशीची पाठ दिसते आणि पाठ फार कमी बोलते. एक फोटो अगदी बाजूने हवा, पंखाच्या शिरा आणि कडेचे खंड दिसतील असा. एक समोरून, कपाळ आणि मिशा दिसतील असा. कोळ्याच्या पंगतीतल्या माश्या जेवणात गुंग असतात, सहसा उडत नाहीत. फुलाचा देठ हलकेच धरून फिरवलात तरी चालतं. उन्हाचं म्हणाल तर आपलं नऊनंतरचं ऊन माशीच्या पाठीवर आरसा ठेवल्यासारखं चमकतं. साधा पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा उन्हाच्या आड धरला की राखाडी भुकटी, मखमली काळेपणा, सगळं उमटतं. फ्लॅश टाळा, नाहीतर फ्लॅशवर टिश्यू पेपर लावा. मोबाइलचं 'सुंदर करणारं' सेटिंग बंद करा. ते त्वचा गुळगुळीत करतं आणि कडा धारदार करतं, म्हणजे असलेले केस पुसतं आणि नसलेले काढतं. आमचं अर्धं काम केस मोजण्याचं असतं हो! आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेत अर्धा होऊन येतो. माप कळायला, माशीचा फोटो काढलात त्याच अंतरावरून लगेच आलेखाच्या कागदाचा एक फोटो काढून ठेवा. 'फार बारीक' हे माप नाही. माझ्या नातवालाही सगळं फार बारीकच दिसतं.

फोटोची एक बाजू मात्र नमुन्यापेक्षा सरस असते, तीही सांगायला हवी. गोमाशीच्या डोळ्यांवर, किंवा शेणखताच्या ढिगावर हिरव्या काळ्या चकाकीने फिरणाऱ्या फायसिफोराच्या डोळ्यांवर, जिवंतपणी रंगीत पट्टे असतात. माशी मेली, वाळली की ते पट्टे जातात. संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या टाचणीवर ते तुम्हाला दिसणार नाहीत. तुमच्या मोबाइलमध्ये दिसतील. वागणं तर टाचणीवर कधीच नसतं. तुमच्या फोटोत सहा माश्या, कोळी, मधमाशी आणि करडई एकाच चौकटीत आहेत. हा पुरावा डबीतल्या वाळक्या माशीत नाही.

जातीपर्यंत जायचंच असेल तर नमुना लागेल. एक-दोन माश्या चिमुकल्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मी एकदा तेवीस बाटल्या कोऱ्या झाल्यावर शिकलो. पुढची तपासणी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्यासारख्या संस्थेतच व्हायची. मामांच्या शेतातल्या माश्या हे ठीक आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय एक चिलटही उचलायचं नाही. आणि कुणी परदेशी तज्ज्ञाने नमुना मागितला तर सरळ पोस्टात टाकू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली त्यालाही परवानगी लागते.

आता तुमच्या शेडमधल्या सुतावरच्या माश्या. या वेळी फोटो अगदीच वाईट आहे, अंधारातला, नुसते ठिपके. तरीही माझी खात्री पहिल्या फोटोंइतकीच आहे, कारण त्यांची सवयच नाव सांगते. लोंबत्या दोरीवर, सुतावर, कोळिष्टकाच्या धाग्यावर, वायरीवर संध्याकाळी दाटीवाटीने ओळ धरून बसणारी, दिवसा डोळ्यांच्या कडेला, जखमेला चिकटायला येणारी आपली चिलटं, ती क्लोरोपिडी कुळातली सिफन्क्युलिना. कीटकशास्त्रज्ञ डी मायरे यांनी १९०५ साली तिच्यातल्या एका जातीला फ्युनिकोला नाव दिलं, त्याचा अर्थच दोरीवर राहणारी. तुमच्या सुतावरची तीच किंवा तिची सख्खी बहीण. डोळे येण्याच्या साथीशी या माश्यांचं नाव जोडलेलं आहे, तेव्हा रात्रपाळीला आलेल्यांच्या डोळ्यांपाशी त्या घोंगावत असतील तर लोंबतं वाया गेलेलं सूत काढून टाका. त्यांची निजायची जागा तीच आहे. यंत्रमागाच्या गावात त्यांना जागेची टंचाई कशी असणार, हा भाग वेगळा.

शेवटी आठवा फोटो. तो तुम्ही चुकून पाठवला असावा, कारण त्यात कोळी नाही, मधमाशी नाही. करडईच्या देठावरचा काळा मावा आहे फक्त. पण माव्याच्या वरच्या बाजूला एक रुपेरी राखाडी माशी बसली आहे, पाठीवर राख शिंपडल्यासारखी. मोठी करून बघा. ती बहुतेक कॅमेमाइइडी कुळातली. तिच्या अळ्या मावा खातात, म्हणजे मामांचं काम फुकटात करतात. मामांनी अजून फवारलं नसेल तर येत्या रविवारी माव्याने भरलेला देठाचा एक तुकडा काचेच्या बरणीत ठेवा. माव्यात सरकणारी बारीक अळी दिसते का ते बघा, तिचा फोटो काढा, रोज काढा. तिचा कोश देठालाच चिकटेल आणि काही दिवसांनी माशी बाहेर येईल. अळी, कोश आणि माशी तिन्ही एकाच बरणीतली, असे फोटो आले तर मी कुळाच्या पुढे एक पायरी नक्की चढेन. बरणीच्या तोंडाला मलमल बांधा. टॉवेलचं कापड नको, आतलं काही दिसणार नाही.